डिंकाखालची ओळ

९ जानेवारी

दादा,

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतोस, म्हणून हे पत्र. बसून वाच.

माझं लायसन गेलं. म्हणजे हरवलं नाही, सहा महिन्यांसाठी निलंबित झालं. एकोणीस वर्षं केंद्राची बस चालवतेय, गाडीला एक ओरखडा नाही, आणि आता साधी स्कूटर बाहेर काढायचीही चोरी.

झालं असं. सकाळी मी अकरा म्हाताऱ्या माणसांना घराघरांतून घेते, दिवसभराच्या केंद्रात सोडते आणि संध्याकाळी ज्याला त्याला दारात पोचवते, हे तुला ठाऊक आहे. गेल्या गुरुवारी मोठ्या पुलावर इंजिन तापलं. पुलाच्या मध्यावर कडेला रुंद जागा आहे, तिथे गाडी घेतली. फार तर अर्धा मिनिट थांबले असेन, तेवढ्यात मागून तपासणी पथकाची जीप. अधिकारी तरुण आणि अगदी सभ्य होता. मला मावशी म्हणाला आणि लायसन काढून घेतलं. पुलाच्या तोंडाशी एक गंजकी पाटी आहे, 'पुलावर वाहन थांबवण्यास सक्त मनाई', तिच्याकडे बोट दाखवलं. तिसऱ्या दिवशी हुकूम हातात: नियम एकशे सतरा, पोटनियम चार, प्रवासी वाहन पुलावर थांबवणे, सहा महिने निलंबन.

सहा महिने मी कसेही काढले असते रे. पण केंद्राच्या मंडळाचा ठराव आहे की पंचावन्नच्या पुढच्या चालकाच्या लायसनवर निलंबनाची नोंद पडली की त्याला पुन्हा प्रवासी द्यायचे नाहीत. मी सत्तावन्नची. म्हणजे बस कायमची गेली. केंद्राच्या बाई म्हणाल्या, त्यांचा नाइलाज आहे. हे सांगताना माझ्यापेक्षा त्याच जास्त रडल्या.

बदली चालक आलाय. गाडी चांगली चालवतो, खोटं कशाला बोलू. पण खाली उतरत नाही, दारासमोर नुसता हॉर्न वाजवतो. एक आजी हॉर्नला बिचकून परत आत गेल्या त्या गेल्याच. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून बघत होते. असं चोरासारखं उभं राहायची वेळ आली.

अपिलाला एकवीस दिवस आहेत. तू त्याच परिवहन खात्याच्या मुख्य कचेरीत एकतीस वर्षं काढलीस. काय करू ते सांग. मला ती बस परत हवी आहे, बाकी काही नको.

तुझी चिमी


१४ जानेवारी

प्रिय चिमे,

पत्र मिळालं. बसूनच वाचलं.

पहिली गोष्ट, इंजिन तापलं हे माझ्या पचनी पडत नाही. दिवसातून तीनदा पाणी बघणारी बाई तू. माझ्या घरी आलीस तरी आधी माझ्या पंख्याला तेल घालतेस. असो.

दुसरी गोष्ट, नियम. एकशे सतरा-चार जिवंत आहे. मला तो चांगला आठवतो, कारण आधी त्यात नुसता दंड होता. मग दुरुस्ती झाली आणि दंडाच्या जागी सहा महिने निलंबन आलं. अशी दुरुस्ती झाली की छापील पट्टी येते, आणि ती नियमपुस्तकातल्या जुन्या मजकुरावर चिकटवायची असते. चाळीस शाखा, चाळीस पुस्तकं. चाळीसही पट्ट्या मी माझ्या हाताने चिकटवल्या. मला कचेरीत डिंकबुवा म्हणत, ते काय उगाच नाही. सरकारी डिंक म्हणजे निव्वळ पाणी. मी घरून डिंक कढवून न्यायचो, तुझी वहिनी त्या वासाने नाक दाबून बसायची. एकतीस वर्षांत माझी एक पट्टी सुटलेली नाही. इतरांच्या पट्ट्या पुस्तक झटकलं की पानगळीसारख्या खाली यायच्या.

तेव्हा माझा सल्ला असा की अपील करू नकोस, विनंती अर्ज कर. इतक्या वर्षांची स्वच्छ अनुज्ञप्ती, वय, सेवा, सगळं त्यात लिही. कायद्याशी भांडू नये, कायद्याला विनवावं. मसुदा सोबत जोडला आहे. समासाची जागा सोडून लिही, तुला ती सवय नाही.

तुझा
दादा


१९ जानेवारी

दादा,

मसुदा वाचला. 'कृपाभिलाषी' हा शब्द मी माझ्या हाताने लिहिणार नाही. मी काही चोरी केलेली नाही.

मी अपील केलं आहे. ज्या आजी हॉर्नला घाबरल्या ना, त्यांची नात वकील आहे. वकीलबाई वयाने लहान, पण जिभेला धार आहे. फी विचारली तर म्हणाली, आजीला पुन्हा वेळेवर घराबाहेर काढा, तीच फी. तिने पहिल्याच भेटीत माझ्या डोक्यात न आलेला प्रश्न विचारला. हा नियम कधीचा? तर पुलाच्या दुरुस्तीच्या वेळचा. तेव्हा अर्धा पूल बंद होता, एकच रांग चालायची, आणि एक गाडी थांबली की सगळं गाव खोळंबायचं. ती दुरुस्ती संपून बारा वर्षं झाली. पूल दुप्पट रुंद झाला, कडेला थांबायला जागा केली. मग असला नियम मुदतीशिवाय कोण करेल? मुदत असणार, आणि ती कधीच संपली असणार, असं तिचं म्हणणं.

आम्ही दोघी शाखा कचेरीत गेलो. त्यांनी नियमपुस्तक उघडून दाखवलं. मुदत कुठेच नाही. मूळ परिपत्रक मागितलं, तर रेकॉर्डच्या खोलीत छत गळून तो सगळा गठ्ठा भिजला आणि फेकून दिला म्हणे. संगणकावर आहे ते याच पुस्तकावरून टाइप केलेलं. म्हणजे सरड्याची धाव कुंपणापर्यंत.

तुझी पट्टी मात्र बघितली हं. वकीलबाईने कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाली, ही चिकटवली कोणी, जणू पानाचाच भाग आहे. मी मान ताठ करून सांगितलं, माझ्या भावाने.

तेव्हा आता आठवून सांग. त्या नियमाला मुदत होती का? ते माहीत असेल असा जगात तूच एक उरला आहेस.

चिमी


२३ जानेवारी

चिमे,

मला आठवत नाही. बारा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पुस्तकात नाही म्हणजे नसेल. अर्ज करावास हे उत्तम.

इकडे थंडी आहे. बाकी ठीक.

दादा


२७ जानेवारी

चिमे,

मी वहिनी. तुझ्या दादाला न सांगता लिहितेय, आणि अडतीस वर्षांत मी त्याच्यापासून लपवलेली ही दुसरीच गोष्ट. पहिली काय ते विचारू नकोस.

तुझं मागचं पत्र आल्यापासून हा माणूस ताळ्यावर नाही. पत्र घडी करून खिशात ठेवलंय आणि तेच घेऊन हिंडतो. परवा चहात मीठ घातलं आणि तो चहा पिऊनही टाकला. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने शाल-बिल न देता त्याला त्याच्याच टेबलावरचं जुनं नियमपुस्तक भेट दिलं होतं, आठवतं? कपाटावरून ते खाली काढलं. दोन दिवस नुसतं मांडीवर घेऊन बसला, उघडलं नाही. मी म्हटलं, उघडा तरी नाहीतर पाळण्यात तरी घाला. हसलासुद्धा नाही.

आणि काल दुपारी मला विचारतो, किटली कुठे असते? ज्या माणसाने जन्मात पाणी तापवलं नाही तो किटली मागतो. मी मुद्दाम शेजारी गेले आणि दहा मिनिटांत परत आले. बघते तर स्वयंपाकघरात वाफच वाफ, आणि हा पुस्तकाचं पान त्या वाफेवर धरून उभा. मला बघून म्हणाला, तू जा. रागावून नाही म्हणाला. घाबरलेलं पोर म्हणतं तसं म्हणाला.

काय आहे ते मला सांगत नाही. तुला सांगेल असं वाटतं. तू फोन करू नकोस, तो मोठ्याने काहीतरी भलतंच बोलून मोकळा होईल. वाट बघ.

वहिनी


२८ जानेवारी

चिमे,

आठवत नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. आठवत नव्हतं हे खरं, पण शंका आली होती. 'जणू पानाचाच भाग' हे तू लिहिलंस आणि मला माझ्या पट्ट्यांची कड आठवली.

समजावून सांगतो. दुरुस्तीची पट्टी छापून यायची तेव्हा तिच्या खाली बोटभर कोरी कड असायची. ती कापून मग पट्टी चिकटवायची, हा कचेरीचा रिवाज. मी कापत नसे. कड ठेवली की डिंकाला पकड जास्त मिळते, पट्टी जन्मात उचकटत नाही. माझी कीर्ती त्या कडेवर उभी होती. ती मी कापत नाही, हे मी कोणाला सांगितलंही नाही, कारण मग सगळ्यांच्याच पट्ट्या टिकल्या असत्या. बहुतेक पानांवर त्या कडेखाली कोरा कागदच असायचा. एकशे सतरा-चारच्या खाली नव्हता.

परवा मी माझ्याकडच्या पुस्तकातली पट्टी वाफेवर सोडवली. अर्धा तास लागला. माझाच डिंक, मलाच सोडेना. खाली एक ओळ निघाली. हा पोटनियम पुलाच्या दुरुस्तीचं काम पूर्ण होईपर्यंत किंवा तीन वर्षं, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंतच अमलात राहील.

तुझी वकीलबाई बरोबर आहे. नियम बारा वर्षांपूर्वी मेला, आणि मी त्याच्या मरणाचा कागद झाकून ठेवला. चाळीसही पुस्तकांत. ओळ मी वाचली असणारच. पण समोर ढीग होता, आणि मी ओळ बघत नव्हतो, कोपरे बघत होतो. अति तेथे माती म्हणतात ते हेच.

तुझं लायसन मी घालवलं, चिमे. आणि तुझं एकटीचंच नाही. बारा वर्षांत त्या पुलावर कोण कोण थांबलं असेल? हा विचार डोक्यातून जात नाही. वहिनीला आज सकाळी सांगितलं. ती म्हणाली, जेव आधी.

आता तूही खरं सांग. इंजिन तापलेलं नव्हतं. का थांबलीस?

दादा


१ फेब्रुवारी

दादा,

आधी जेवलास का? वहिनीचं ऐकत जा.

खरं सांगते. माझ्या बसमध्ये दुसऱ्या खिडकीशी एक आजोबा बसतात. त्यांना सगळे नावाडी म्हणतात, कारण पूल व्हायच्या आधी नदीवर त्यांची नाव चालायची. चाळीस वर्षं त्यांनी अख्खं गाव या काठावरून त्या काठावर नेलं. पूल झाला आणि नाव गेली. पण पुलावर त्यांचा राग नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांची वाचा गेली. केंद्रात दिवसभर भिंतीकडे बघत बसतात. फक्त पुलावर गाडी आली की बोटाच्या पेराने काच वाजवतात. एकदाच. टक्. पहिल्यांदा मला कळलं नाही. मग एक दिवस मी कडेला थांबले, तर आजोबा पाण्याकडे बघून असे हसले की काय सांगू. तेव्हापासून रोज अर्धा मिनिट. बाकीचे दहा जण कुरकुरत नाहीत, उलट एक आजी रोज सांगतात आज पाणी किती चढलंय.

हे पथकाला सांगितलं असतं तर त्यांनी आजोबांना उतरवून प्रश्न विचारले असते, आणि त्यांना उत्तर देता येत नाही. म्हणून इंजिनावर ढकललं. तुला लिहिलं नाही कारण तू म्हणाला असतास, नियम तो नियम.

आता काम. वकीलबाई म्हणते की तुझं घरचं पुस्तक पुरावा म्हणून चालणार नाही, बाहेरचं पुस्तक कोणी काहीही करून आणेल. सुनावणीत शाखेचंच पुस्तक उघडायला लावायचं. पट्टीखाली मजकूर आहे असा आमचा संशय आहे, एवढं ती म्हणेल. पट्टी कोणी चिकटवली हे सांगायची गरज नाही. तुझं नाव कुठेही येणार नाही. तू येऊ नकोस, दादा. सहासष्टाव्या वर्षी कशाला चार लोकांत मान खाली घालायची? काम त्यावाचून होतंय.

आणि मी रागावलेली नाही. एक दिवस रागावले होते, तो दिवस संपला.

चिमी


४ फेब्रुवारी

चिमे,

माझं नाव एकतीस वर्षं चांगल्या कामाला लागत होतं, तेव्हा मी ते सगळ्यांना ऐकवत होतो. वाईट कामाच्या वेळी ते खिशात ठेवणं मला जमणार नाही.

शिवाय ती पट्टी तुमच्यापैकी कोणालाही सुटणार नाही. पान फाटेल आणि पुरावाही जाईल. ११ तारखेला सकाळच्या गाडीने येतो. माझ्यासाठी शिवणकामाचा पांढरा दोरा आणून ठेव, बारीक.

दादा

(नावाड्याच्या बाबतीत मी काय म्हणालो असतो ते तू परस्पर ठरवू नकोस.)


१३ फेब्रुवारी

वहिनी,

तो तुला येऊन काहीही सांगणार नाही, 'झालं काम' एवढंच म्हणेल, म्हणून सगळं लिहून पाठवते.

सुनावणीची खोली म्हणजे एक लांब टेबल, चार खुर्च्या, फायलींचं कपाट आणि खिडकीत वाळलेलं एक रोप. अपील अधिकाऱ्यांना सणसणीत सर्दी झालेली. टेबलावर विजेची किटली होती, दर पाच मिनिटांनी वाफ घेत होते. दादाने खोलीत शिरताच ती किटली बघितली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मला हसू आवरेना.

खात्याच्या प्रतिनिधीने आधी सांगितलं की पुस्तकात मुदत नाही, पाटी पुलावर उभी आहे, बाईंनी गाडी थांबवल्याचं नाकारलेलं नाही, मग वाद कसला. वकीलबाईने पट्टीचं सांगितलं. प्रतिनिधी म्हणाले की पट्टीखाली जुना रद्द मजकूर असतो, त्यात काय बघायचं, आणि सरकारी पुस्तक फाटलं तर जबाबदार कोण. अधिकाऱ्यांनी विचारलं, ही पट्टी न फाडता सोडवू शकेल असं कोणी आहे का?

दादा उठला. कोटाची बटणं लावली. मला वाटलं आता भाषण करणार. त्याने फक्त किटली मागून घेतली.

वहिनी, वीस मिनिटं! वाफेवर पान धरायचं, बोटाने चाचपायचं, पुन्हा धरायचं. पट्टी जागची हलेना. प्रतिनिधी घड्याळ बघायला लागले. अधिकाऱ्यांनी स्वतः उठून किटलीत पाणी भरलं. मग दादाने खिशातून दोरा काढला, दोन्ही हातांत ताणून धरला आणि पट्टीच्या कडेखालून हळूहळू सरकवत नेला. श्वास रोखून बसलो होतो सगळे. पट्टी अख्खी सुटून त्याच्या तळहातावर आली आणि खालची ओळ कालच छापल्यासारखी ठसठशीत. अधिकाऱ्यांनी ती मोठ्याने वाचली. दोनदा वाचली. मग विचारलं की अशी पट्टी चिकटवणारा इसम कोण, त्याचा शोध लागेल का.

"मीच, साहेब," दादा म्हणाला. "डिंक माझा, कात्री माझी, आणि कड न कापण्याची चूकही माझी. बाकीच्या एकोणचाळीस पुस्तकांतही हेच आहे."

वकीलबाईने पुढचा युक्तिवाद लिहून आणला होता, तो कागद तिने घडी करून ठेवला. दादाची मान वर होती. मी आयुष्यात त्याला इतकं जवळून बघितलं नव्हतं.

मग अधिकाऱ्यांनी मला विचारलं, की नियम नव्हता हे खरं, पण तुम्ही थांबलात कशाला? वकीलबाईने टेबलाखाली माझा पाय दाबला. मी म्हटलं, दाब बाई, पण आता भावाने एवढं सांगितल्यावर मी काय इंजिनाची गोष्ट सांगू? आणि नावाड्याचं सगळं सांगितलं, पेराने काच वाजवतात तेसुद्धा. अधिकाऱ्यांनी नाक शिंकरलं. सर्दीमुळे असेल.

निकाल तिथेच लिहिला. जो नियम अमलातच नव्हता त्याखाली केलेलं निलंबन मुळातच गैर, सबब रद्द, नोंद खोडून टाकावी, अनुज्ञप्ती आजच परत करावी. लायसन हातात पडलं तेव्हा मी ते उलटसुलट करून बघितलं, जणू दुसऱ्या कोणाचं आहे.

उठताना अधिकारी दादाला म्हणाले की चाळीस पुस्तकं दुरुस्त करायची आहेत आणि कचेरीत हे काम येणारा कोणी नाही. त्यांनी हुकूम केला नाही, विचारलं. दादाने खिशातून डायरी काढून तारखा लिहून घेतल्या. तेव्हा वहिनी, महिनाभर तुझी किटली तुला मिळणार नाही.

आज सकाळपासून मी पुन्हा बसवर आहे. घंटा वाजवली तर वकीलबाईच्या आजी दारात तयारच उभ्या होत्या. म्हणाल्या, उशीर केलास.

तुझी चिमी


२० मार्च

चिमे,

चाळीसपैकी अठ्ठावीस पुस्तकं झाली. काल तुझ्या बसमधून नदीपलीकडच्या शाखेत नेलंस त्याबद्दल आभार. तिथली पट्टी फार चिवट निघाली. मनात अभिमान वाटला आणि लगेच लाजही वाटली. नव्या पट्ट्यांच्या कडा कापतो. तिथल्या नवीन कारकून मुलीला डिंक कढवायची कृती लिहून दिली आणि कडेचंही सांगितलं, मुलगी हुशार आहे.

खात्याने यादी काढली. बारा वर्षांत त्या पुलावर त्रेसष्ट जणांचं निलंबन झालं. नोंदी रद्द झाल्याची पत्रं खातं पाठवणार आहे. त्यात प्रत्येकाला माझ्या हातची एक चिठ्ठी असावी असं मी ठरवलं, आणि साहेबांनी हरकत घेतली नाही. आतापर्यंत चौघांची उत्तरं आली. तिघांनी 'असू द्या' म्हटलंय. चौथा टॅक्सीवाला. त्याने दोन पानं भरून मला शिव्या घातल्या आहेत आणि शेवटी विचारलंय की डिंक कुठला वापरता. त्याला सविस्तर लिहिलं. शिव्या बरोबरच होत्या.

घरी बरं चाललंय. मला आता चहा करता येतो. वहिनी म्हणते, मीठवालाच बरा होता.

पुलावर काल तू थांबलीस ते चांगलं केलंस. त्या नावाडी आजोबांनी काच वाजवली असावी.

तुझा
दादा


२४ मार्च

दादा,

नावाडी आजोबांनी काच वाजवली नाही.

तुला हे सांगणार नव्हते, पण तू लिहिलंस म्हणून सांगते. लायसन परत मिळाल्यापासून मी पुलावर एकदाही थांबले नव्हते. नियम नाही हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक? तरी पाटीजवळ आलं की पाय ब्रेककडे जाईच ना. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पहिले तीन दिवस आजोबांनी काच वाजवली. मी ऐकलं आणि ऐकू आलं नाही असं केलं. चौथ्या दिवसापासून त्यांनी वाजवणंच सोडून दिलं. मला बस परत हवी होती, ती मिळाली होती, आणि मनात म्हणत होते की आता जास्त हाव नको. पण रोज पूल ओलांडला की तोंड कडू व्हायचं.

त्या दिवशी तू त्यांच्या शेजारी बसलास. मांडीवर किटली आणि पिशवी. पूल आला, मी सरळ समोर बघत होते. आणि आवाज आला. टक् टक्. दोनदा, मध्ये नीट अंतर सोडून. आजोबा एकदाच वाजवतात, दादा. एवढं नेमकं अंतर सोडून काच वाजवणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.

आणि बसमध्ये आरसा असतो. मी तुला हात खाली घेताना बघितलं, आणि लगेच तू किटलीच्या झाकणात काहीतरी शोधायला लागलास. मी गाडी कडेला घेतली. आजोबांनी पाण्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे. त्यांनी त्यांचा हात तुझ्या हातावर ठेवला, तोही दिसला. तू काढून घेतला नाहीस.

अर्धा मिनिट झाल्यावर रोज पाणी सांगणाऱ्या त्या आजी म्हणाल्या, आज पाणी खूप उतरलंय, अजून थोडं थांब. मी थांबले.

आज सकाळी आजोबांनी स्वतः वाजवली.

तुझी चिमी